गप्प करण्याचं बटण

तिला सगळे सिस्टर म्हणतात. इमारतीतले, दुकानदार, टपाल आणणारा, आणि नवराही. नवऱ्याने चारचौघांत तशी हाक मारली की नवखा माणूस चमकतो. पण ही गंमत आता इतकी जुनी झाली आहे की ती गंमत आहे हे खुद्द नवऱ्यालाही आठवत नाही.

सिस्टर अतिदक्षता विभागात होती. तिथे माणसं कमी बोलतात आणि यंत्रं जास्त. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक पडदा, पडद्यावर हिरव्या रेघा, आणि काही बिनसलं की कानात टोचणारी टिटिट. बहुतेक वेळा बिनसलेलं काहीच नसतं. रोग्याने कूस बदललेली असते, बोटाचा चिमटा निसटलेला असतो, छातीवरची चिकटपट्टी घामाने सुटलेली असते. यंत्राला तेवढी समज नसते. कूस बदलणं आणि मरणं ते एकाच सुरात सांगतं.

म्हणून तिथे एक पद्धत पडली होती, कुठे न लिहिलेली. आधी आवाज गप्प करायचा, मग रोग्याकडे बघायचं. कानात टिटिट चालू असली की डोळ्यांना माणूस नीट दिसत नाही, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारावं. गप्प करण्याचं बटण दाबलं की यंत्र दोन मिनिटं थांबतं. तेवढ्यात बघून घ्यायचं. आणि एखाद्या वेळी नाहीच बघता आलं, कारण पलीकडच्या खाटेवर कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो, तरी फार बिघडत नाही. दुखणं खरं असेल तर यंत्र पुन्हा ओरडतं, आणि कुणी येईपर्यंत ओरडत राहतं. या एका भरवशावर सिस्टरने सगळी नोकरी काढली. हात आपोआप जायचा, मान न वळवता, चाललेलं बोलणं न तोडता. दमलेल्या माणसाचा हात असाच शहाणा होतो. किंवा त्याला तसं वाटतं.

निवृत्त झाली तेव्हा तिच्या पायांवर सूज होती आणि झोपेला धड वेळ राहिलेली नव्हती. आराम करायचा असं सगळे म्हणाले. आराम काही झाला नाही. घरोघरी नर्स पाठवणारी एक छोटी संस्था होती, तिच्या मॅडमनी विचारलं, घरी बसून फोन आणि कॉम्प्युटर सांभाळाल का? कोणती मुलगी कुठल्या घरी जाणार, कुणाला कोणतं औषध, कुणाची जखम कधी धुवायची, एवढंच. सिस्टर हो म्हणाली, कारण नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते.

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कॉम्प्युटर बसला. त्यात एक फाइल होती. सेवेतल्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण एकटे राहणारे. नर्स येते तेव्हा त्यांना उठून दार उघडणं होत नाही, म्हणून प्रत्येकाने जास्तीची किल्ली बाहेर कुठेतरी ठेवलेली. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, मोजणीदार म्हणत त्यांना. त्यांची किल्ली जिन्यातल्या कुंडीखाली. शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई होत्या, त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं आणि रोज सकाळी इन्सुलिन टोचावं लागे. त्यांची किल्ली बाहेरच्या मीटरच्या कपाटात, आतल्या खिळ्याला. हे सगळं सिस्टरच्या फाइलमध्ये होतं. पत्ता, औषध, एकटे आहेत का, किल्ली कुठे. त्या माणसांनी ते संस्थेला सांगितलं नव्हतं, सिस्टरला सांगितलं होतं. भूगोलाच्या बाई तर म्हणाल्या होत्या, ‘‘माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही, तुम्हाला सांगतेय.’’

घरात तिसरं कुणी नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत असतो. आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि स्वतः तळमजल्यावर राहिलो, हे तो आल्यागेल्याला सांगतो. त्याची पुतणी एका कंपनीत कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायला बसते. दिवसभर लोकांना ‘बंद करून पुन्हा चालू करा’ सांगून ती रविवारी इथे येते आणि दिवाणावर आडवी होते. या घरात उत्साहाने येणारं कुणी नाही, सगळे टेकायला येतात.

त्या पुतणीनेच कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवली.

‘‘हे काय आता?’’ सिस्टरने विचारलं.

‘‘दारवान आहे काकू. आतलं कुणी बाहेर बोलायला निघालं की हा अडवतो आणि तुला विचारतो. तू परवानगी दे म्हणालीस तर सोडतो, अडव म्हणालीस तर अडवतो.’’

‘‘मीच सांगायचं तर हा कशाला?’’

‘‘सांगायचं तू. उभं त्याने राहायचं.’’

‘‘बरंय,’’ नवरा खुर्चीतून म्हणाला. ‘‘घरात निदान एक जण तरी उभा राहील.’’

दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात छोटी खिडकी उगवायला लागली. अमुक प्रोग्रॅमला इंटरनेटशी जोडायचं आहे. खाली दोन बटणं, परवानगी आणि अडवा. त्याखाली बारीक अक्षरात ‘हे उत्तर लक्षात ठेवा’, आणि तिथल्या चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच मारलेली. खिडकीबरोबर आवाज यायचा. टिटिट. सगळ्या जगाला एकच आवाज सुचावा याचं सिस्टरला पहिल्या दिवशी नवल वाटलं, दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

सुरुवातीला तिने प्रत्येक खिडकी चष्मा लावून वाचली. नावं अशी की वाचून काही कळू नये, नुसती अक्षरं आणि आकडे. ओळखीचं वाटत नाही म्हणून एक अडवलं, तर छपाई बंद पडली. दुसरं अडवलं, तर मेल यायची थांबली. मॅडमचा फोन आला, ‘‘सिस्टर, सकाळपासून पाठवतेय, बघत नाही का तुम्ही?’’ पुतणीला फोन करून ते सगळं उलटं फिरवावं लागलं. पुतणी त्या वेळी कामावर होती आणि तिच्या आवाजात तोच कंपनीतला गोडवा होता. त्या गोडव्याने सिस्टर शरमली. त्यानंतर ती वाचेनाशी झाली. टिटिट वाजलं की हात जायचा, परवानगी, आवाज गप्प. मान न वळवता.

नवरा एकदा म्हणाला होता, ‘‘वाचत जा ना.’’

‘‘काही असेल तर पुन्हा वाजेल.’’

लिफ्टच्या दारात एक छोटी पट्टी असते. दार पूर्ण लागल्याशिवाय ती जुळत नाही, आणि ती जुळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. लोक घाईत असतात, मग कुणीतरी त्या पट्टीत कागदाची घडी खुपसतं, आणि लिफ्ट उघड्या दाराने चालायला लागते. अशा घड्या काढण्यात नवऱ्याची अर्धी नोकरी गेली. त्या वेळी त्याला हे आठवलं होतं, पण तो बोलला नाही. रोजच्या संसारात आठवलेलं सगळं बोलायला कुणाला होतं?

एका दुपारी मेलवर नोकरीचा अर्ज आला. नर्सिंग झालेली मुलगी, सोबत प्रमाणपत्र जोडलंय असं लिहिलेलं. असे अर्ज येत असत. सिस्टरने प्रमाणपत्र उघडलं, तर एक कोरी चौकट आली आणि गेली. काही दिसलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. भूगोलाच्या बाईंकडे जाणाऱ्या मुलीला ताप भरला होता, उद्या ती येणार नव्हती. उद्याचं इन्सुलिन कोण देणार? सिस्टर एका कानाने तापाचं ऐकत होती, दुसरी मुलगी कोण मोकळी आहे ते मनात चाळत होती, आणि कोपऱ्यात टिटिट वाजलं. हात गेला.

ते पुन्हा वाजलं नाही. म्हणजे काही नव्हतं.

चार-सहा दिवस गेले असतील. संध्याकाळी जेवण लवकर उरकून दोघं बसली होती. ती पाय स्टुलावर टाकून, तो खुर्चीत. टीव्ही बंद, कॉम्प्युटरचा पडदा काळा, पण कॉम्प्युटर चालूच, कारण मॅडम कधीही काही पाठवत. नवरा बराच वेळ कपाटावरच्या इंटरनेटच्या डबीकडे बघत होता.

‘‘सिस्टर, तू आता काही करतेयस का त्याच्यावर?’’

‘‘पाय दुखतायत माझे. मी काय करणार?’’

‘‘मग हा दिवा बघ.’’

डबीवरचा छोटा दिवा लुकलुकत होता. थांबत नव्हता.

‘‘लुकलुकतोच तो,’’ ती म्हणाली.

‘‘मधूनमधून लुकलुकतो. हा सलग चाललाय. काल दुपारी तू झोपली होतीस तेव्हाही असाच. आत कुणी नाही आणि लिफ्ट खालीवर करतेय, तसं दिसतंय हे.’’ मग नेहमीच्या सुरात, ‘‘आपण दोघं तर एकमेकांशीही बोलत नाही. हा कुणाशी एवढा बोलतोय?’’

सिस्टर हसली नाही. तिने पाय खाली घेतले. वॉर्डात एक गोष्ट तिला आवाजापेक्षा जास्त भिववायची. बराच वेळ न वाजलेलं यंत्र. तसं झालं की ती उठून जायची आणि यंत्राकडे न बघता रोग्याच्या मनगटावर बोटं ठेवायची. इथे कशावर बोटं ठेवायची ते तिला कळेना. तिने पुतणीला फोन लावला.

‘‘आधी डबीची वायर काढ,’’ पुतणी म्हणाली. ‘‘भिंतीतूनच काढ. काढलीस?’’

नवरा गुडघे धरत उठला आणि त्याने वायर उपटली. दिवा विझला. खोलीत काहीच बदललं नाही.

‘‘आता सांग, इतक्यात कधी नवीन काही उघडलं होतंस?’’

‘‘एक प्रमाणपत्र. उघडलंच नाही ते.’’

‘‘आणि मग खिडकी आली?’’

‘‘आली असेल. येतच असतात.’’

‘‘काय केलंस?’’

‘‘गप्प केली.’’

‘‘गप्प केली म्हणजे कोणतं बटण?’’

‘‘परवानगी.’’

‘‘काकू, का पण?’’

‘‘महत्त्वाचं असतं तर पुन्हा वाजलं असतं ना. मग बघितलं असतं.’’

‘‘ते पुन्हा वाजत नाही गं. एकदा हो म्हटलं आणि ती खूण तशीच ठेवली, की त्याच्यासाठी तो विषय संपला. तू ओळख दिलीस, तो मग कशाला विचारेल? नाही म्हटलं असतंस, तेही ती खूण काढून, तर तो पुन्हा पुन्हा येऊन विचारत राहिला असता. तुला जे हवं होतं ना काकू, ते त्या दुसऱ्या बटणात होतं.’’

सिस्टरने फोन टेबलावर ठेवला, कानापासून दूर, आणि त्यातून पुतणीचा ‘हॅलो, हॅलो’ येत राहिला. तिची सगळी नोकरी त्या हातात होती. हात चुकला नव्हता. वॉर्डातल्या बटणाचं काम त्याने इथे भलत्याच बटणाकडून करून घेतलं होतं.

पुतणी दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून आली. तिने प्रमाणपत्राच्या आडून शिरलेला तो आगंतुक प्रोग्रॅम शोधून काढला आणि पुसला. सिस्टर शेजारी उभी होती.

‘‘फाइल गेली का?’’

‘‘सांगता येत नाही. बरंच काही बाहेर गेलंय, पण काय गेलं ते दिसत नाही.’’

‘‘गेली नसेल असंही असेल?’’

‘‘असेल. पण मी तसं धरून चालणार नाही.’’

सिस्टरने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘बघा सिस्टर, झालंच असेल असं नाही. म्हातारी माणसं आहेत, उगाच घाबरतील, उद्यापासून निम्मे लोक सेवा बंद करतील. जरा दमानं घ्या. कुणाला काही सांगू नका.’’

‘‘किल्ल्यांचं काय?’’

‘‘चोर काय कॉम्प्युटरमध्ये बघून येतात का हो?’’

मॅडम वाईट नव्हत्या. त्याही दमलेल्या होत्या, त्यांच्या घरीही एक अंथरुणाला खिळलेली सासू होती. सिस्टरने फोन ठेवला. फाइलमधली नावं तिला पाठ होती, खाटांचे नंबर पाठ असायचे तशी. तिने टेलिफोन जवळ ओढला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.

‘‘कुणाला सांगू नका म्हणाल्या ना त्या?’’ नवऱ्याने विचारलं.

‘‘हं.’’

‘‘मग?’’

‘‘किल्लीची जागा लोकांनी त्यांना नव्हती सांगितली. मला सांगितली होती.’’

नवऱ्याने टीव्ही लावायला उचललेला रिमोट परत ठेवला.

प्रत्येक फोनला तेच. आधी प्रकृतीची चौकशी, मग गुडघा, मग सूनबाई, आणि कुठेतरी मधेच, ‘‘ऐका, माझ्या हातून एक चूक झालीये. तुमच्या किल्लीची जागा बदला, आजच.’’ कुणाला कॉम्प्युटर म्हणजे काय तेच सांगावं लागे. एका आजींनी विचारलं, ‘‘चोर तुमच्या घरात शिरलाय का?’’ आणि त्यांना हो म्हणणंच सोपं पडलं. मोजणीदार हसले.

‘‘सिस्टर, किल्ली त्या कुंडीखाली नाहीच. मागे मीच हलवली, कुठे ते आठवत नाही. तुमची मुलगी येते तेव्हा मी आतून ओरडतो, दार लोटा म्हणून. उघडंच असतं.’’

‘‘दार उघडं ठेवता?’’

‘‘मग काय करू? चोराला सापडेल, मला सापडत नाही.’’

भूगोलाच्या बाईंना तिने शेवटी ठेवलं होतं. बाई मधे एकही शब्द न बोलता ऐकत राहिल्या, वर्गात पोर खोटं बोलत असताना ऐकावं तसं. मात्र सिस्टर खोटं बोलत नव्हती आणि तेच त्यांना जड गेलं असावं.

‘‘मी भावाला सांगितलं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मला आठवतंय.’’

‘‘तुम्ही वाचलंत का त्या खिडकीत काय लिहिलं होतं ते?’’

‘‘नाही.’’

‘‘मला वाचता येत नाही म्हणून मी वाचत नाही. तुम्हाला येतं.’’ मग, ‘‘शेजारच्यांना सांगून किल्ली आत घेते. यापुढे बाहेर ठेवणार नाही. आणि तुमच्या त्या मुली पाठवू नका. आज एक, उद्या दुसरी, कोण आली मला दिसत नाही. आवाजावर किती विश्वास ठेवू?’’

‘‘मग इन्सुलिन?’’

‘‘बघते माझं मी.’’

सुई भरताना त्यांना मापाच्या रेघा दिसत नव्हत्या, हे दोघींनाही माहीत होतं. बाईंनी फोन ठेवला.

पुतणी जायला निघाली तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणाली, ‘‘आता मी ती खूण काढून ठेवलीये. खिडकी आली की घाई नको. तूच आत्ता काही सुरू केलं असशील, आणि त्याचंच नाव असेल, तर सोड. नाहीतर अडव. काही अडलं तर कळेलच, मग पुन्हा उघडता येतं. आणि चष्मा लाव.’’

‘‘तू किती जणांना सांगतेस हे दिवसात?’’

‘‘मोजत नाही काकू.’’

‘‘ऐकतात?’’

पुतणीने खांदे उडवले आणि ती गेली. तिच्या एका चपलेचा पट्टा सुटलेला होता. तो लावायला ती थांबली नाही.

सिस्टरने फाइलमधून किल्लीचा रकाना काढून टाकला. नव्या जागा तिने कुठेही लिहिल्या नाहीत. डोक्यात ठेवल्या. डोक्यात आता फारसं राहत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

तेव्हापासून रोज सकाळी इन्सुलिन द्यायला ती स्वतः निघते. पायांवरची सूज सकाळी जरा कमी असते, म्हणून सकाळीच. भूगोलाच्या बाईंची इमारत जवळ आहे, पण घर वरच्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट अधूनमधून बंद. नवरा म्हणतो, ‘‘मी आलो असतो तर दुरुस्त केली असती.’’ ती म्हणते, ‘‘तुम्ही वर कसे आला असता?’’ यावर दोघंही थोडं हसतात. सकाळचं तेवढंच.

जिना चढून ती मीटरच्या कपाटाजवळ टेकते. आतला खिळा रिकामा आहे. पहिल्या दिवशी बाईंनी बराच वेळ दार उघडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी साखळीच्या फटीतून दंड बाहेर काढला होता. तिसऱ्या दिवशी आत घेतलं, आभार मानले नाहीत. किल्ली द्यायचा विषय निघाला नाही आणि सिस्टरनेही काढला नाही.

ती दार वाजवते. मग वाट बघते.

हे वाट बघणं तिला जमत नाही, आणि रोज करावं लागतं. किल्ली होती तेव्हा आत शिरून पाहता यायचं. आता मधे दार आहे. पलीकडे एक बाई एकटी, अर्धपोटी, साखर वर गेलेली किंवा फार खाली आलेली, पलंगावर किंवा पलंगाखाली. दोन्ही वेळा दार सारखंच दिसतं. सिस्टर पुन्हा वाजवत नाही, कारण पुन्हा वाजवलं तर बाईंना घाई होईल आणि घाईत त्या पडतील. ती कान दाराला लावते. आत काही नाही. नळ नाही, रेडिओ नाही. दमलेला हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो, आणि ती तो मागे घेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवते.

मग काठीचा आवाज. एक ठोका, बऱ्याच वेळाने दुसरा. दाराच्या पलीकडे श्वास येऊन थांबतो.

‘‘कोण?’’

‘‘सिस्टर.’’

‘‘कोणती?’’

‘‘कालचीच.’’

बाई लगेच उघडत नाहीत. आवाज मनाशी जुळवून बघतात. सिस्टर जिन्यात उभी राहते, सुजत चाललेल्या पायांवर, आणि बोलत नाही. आत साखळी हलते.